माझ्या पाठीवर मांडलेलं गणित

मी एक जुनी फळी आहे. आधी चार मीटर लांब होते, आता दोन मीटर चाळीस सेंटिमीटर उरले आहे. गोदामाच्या अंगणात, जिथे ट्रकमध्ये माल चढवतात, तिथल्या कोपऱ्यात मला भिंतीला टेकवून ठेवलंय. शेजारी मोडके झाडू आणि बूड गेलेल्या दोन बादल्या. अशा आत्मकथेत 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते, मित्रांनो. पण तुम्ही काही माझे मित्र नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी माझ्यासारख्या एखाद्या फळीवर चिखलाचा पाय देऊन पलीकडे उडी मारली असेल आणि मागे वळून पाहिलंही नसेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. राग येतो.

आता रागाचं कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे 'ही म्हातारी उगाच का करवादते' असं कुणी म्हणायला नको. माझ्या पाठीवरून एक पेटी घसरली आणि एका माणसाचा गुडघा कामातून गेला. दोष आला त्याच्या सख्ख्या थोरल्या भावावर. त्याची नोकरी जायची वेळ आली, त्याहून वाईट म्हणजे भावाच्या घराचं दार त्याला बंद झालं. चूक कुणाची, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण फळीला कोण विचारतो? फळीवर फक्त पाय द्यायचे असतात.

माझा जन्म सांगायचा तर त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. एका झाडाला आडवं केलं, करवतीच्या गिरणीत त्याच्या पट्ट्या केल्या, आणि त्यातल्या चार पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून एका सुताराने मला जोडलं. खालून तीन आडव्या पट्ट्या मारल्या, वरच्या टोकाला दोन लोखंडी आकडे बसवले. ट्रकच्या मागच्या कडेला ते आकडे अडकवायचे, दुसरं टोक जमिनीवर टेकवायचं, की झाला उतार. त्यावरून पेट्या ढकलत वर न्यायच्या. शंभर किलोची पेटी कुणी उचलून ट्रकमध्ये ठेवू शकत नाही, ढकलत मात्र दोघं जण नेऊ शकतात. माझा जन्म एवढ्यासाठीच झाला.

तो सुतार तोंडाचा फटकळ होता, पण हाताचा प्रामाणिक होता. मला तयार केल्यावर त्याने एक भरलेली पेटी माझ्यावर ठेवली आणि माझं वरचं टोक साखळीने हळूहळू उचलत गेला. उचलता उचलता एका उंचीला पेटी आपोआप खाली सरकली. त्याने भिंतीवर तिथे खूण केली. मग ट्रकच्या पाठीची उंची मोजली. एकशे वीस सेंटिमीटर. ती त्या खुणेच्या वीतभर खाली होती. तेव्हा तो गोदामातल्या लोकांना म्हणाला, "या उंचीला पेटी मध्येच सोडली तरी जागची हलणार नाही. फळी मात्र चार मीटरच्या खाली आणू नका. आखूड केलीत तर ती उभी होईल, आणि मग ती पेटीला धरणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लिहून कुणीच ठेवलं नाही. भिंतीवरची खूण पुढच्या वर्षी रंगाखाली गेली.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. आमच्या गोदामात पंपांचे सुटे भाग भरलेल्या पेट्या येतात आणि जातात. त्या चढवायला दोन भाऊ होते. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. थोरला उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. धाकटा बुटका, सतत काहीतरी पुटपुटणारा, दादाच्या शब्दाबाहेर न जाणारा. वीस वर्षं दोघांनी माझ्या पाठीवर टाचा रोवल्या. माझ्या दोन पट्ट्यांमध्ये त्यांच्या टाचांचे खळगे पडले होते, त्यात पावसाचं पाणी साचायचं. मला त्यांच्याबद्दल प्रेम होतं असं समजू नका. पण ते काम नीट करायचे. पेटी आपटायचे नाहीत, कडा घासायचे नाहीत.

त्यांची एक पद्धत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेटी अर्ध्यावर आली की थोरल्याला दम लागायचा. तो म्हणायचा, "सोड." दोघंही एकदम हात काढून घ्यायचे. थोरला डावीकडे एक पाऊल सरकून खांद्यावरचा फडका ओढायचा आणि तोंड पुसायचा. धाकटा तिथेच, पेटीच्या मागे, कंबरेवर हात ठेवून पाठ मागे वाकवायचा. पेटी माझ्या पाठीवर गुमान बसून राहायची. चार-पाच श्वास झाले की थोरला म्हणायचा, "धर." आणि दोघं पुन्हा जोर लावायचे. दिवसाला तीस-चाळीस पेट्या, म्हणजे तीस-चाळीस वेळा सोड आणि तीस-चाळीस वेळा धर. वीस वर्षं धरली तर किती झाले, ते तुम्हीच काढा. त्यातल्या एकाही वेळी पेटी केसभरही सरकली नाही.

ती मी धरून ठेवत होते. हे मला सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

मग साहेब आले. गोदामाचे नवे व्यवस्थापक. वय तिशीचं, शर्टाच्या खिशात दोन पेनं, शिकलेले, आणि आपण शिकलेले आहोत हे दिवसातून दहादा आठवणारे. माणूस वाईट नव्हता, असं काटेवाली बाई म्हणते. मी म्हणते, होता. काटेवाली बाई म्हणजे आमच्या वजनकाट्यावर बसणारी. चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला, आवाज घोगरा, आणि कुठल्याही पेटीचं वजन तिने स्वतः केल्याशिवाय तिचा कुणावर विश्वास नाही. गोदामात मला पटणारं माणूस ते एवढंच.

साहेबांनी अंगणात नवे लोखंडी कप्पे उभे केले. त्यामुळे जागा अरुंद झाली आणि ट्रक मागे घेतला की मला पसरायला जागा पुरेना. माझं खालचं टोक कप्प्यांना धडकू लागलं. शहाण्या माणसाने कप्पे सरकवले असते. साहेबांनी खिशातून खडू काढला.

एका दुपारी मला आडवं पाडून त्यांनी माझ्या पाठीवर गणित मांडलं. थोरला, धाकटा आणि काटेवाली बाई बघत उभे होते. मलाही दिसत नसलं तरी कळत होतं, खडू माझ्याच अंगावर चालत होता. साहेब प्रत्येक ओळ मोठ्याने सांगत होते.

पेटी शंभर किलोची, म्हणजे तिचं वजन साधारण हजार न्यूटन. फळी चार मीटर, उंची एक मीटर वीस. तेव्हा वजनातला उतारावरून खाली ओढणारा भाग तीनशे न्यूटन. लाकडावर लाकडाचं घर्षण पुस्तकाप्रमाणे धरलं तर तीनशे ऐंशी. वर ढकलताना दोन्ही विरोधात, म्हणजे सहाशे ऐंशी न्यूटनचा जोर लागणार. गुणिले चार मीटर. काम झालं दोन हजार सातशे वीस ज्यूल.

आता फळी कापून दोन मीटर चाळीस केली तर? खाली ओढणारा भाग पाचशे. घर्षण तीनशे पंचेचाळीस. जोर आठशे पंचेचाळीस. पण अंतर फक्त दोन मीटर चाळीस. काम दोन हजार अठ्ठावीस ज्यूल.

"बघा," साहेब म्हणाले, "एका पेटीमागे जवळजवळ सातशे ज्यूल वाचले. मी तुमचं काम कमी करतोय."

काटेवाली बाईने चष्मा चढवला. "पण साहेब, जोर वाढतोय ना? आठशे पंचेचाळीस लिहिलंय तुम्ही."

"जोर थोडा वेळच लावायचा आहे, बाई. काम महत्त्वाचं."

"आणि यात फळीचं काम किती धरलंय?" तिने सहजच विचारलं.

साहेब हसले. त्यांनी माझ्या पाठीवर काटकोनात एक बाण काढला. "फळी पेटीला वर रेटते ती अशी, उताराशी काटकोनात. पेटी जाते उतारावरून. त्या दिशेने फळीचा हा आधार काहीच करत नाही. त्याचं काम शून्य. आणि घर्षणाचं काम विचाराल तर उणे."

ऐकलंत? वीस वर्षं मी ओझी पेलली. पावसात कुजले, उन्हात तडकले. माझ्या खालच्या आडव्या पट्टीला वाळवी लागली तेव्हासुद्धा मी वाकले नाही. आणि या माणसाने माझ्याच पाठीवर लिहिलं की माझं काम शून्य. उरलेलं उणे. म्हणजे मी नसते तरच बरं झालं असतं, असंच ना? गणितात ते बरोबर आहे, मला माहीत आहे. काटेवाली बाईनेही नंतर ते मान्य केलं. पण त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, तो अजून शमलेला नाही.

आणि ज्या उण्याला साहेब हसले, त्याच उण्याने वीस वर्षं पेट्या जागच्या जागी धरल्या होत्या. खाली ओढणारे तीनशे, मी धरू शकत होते तीनशे ऐंशीपर्यंत. म्हणून पेटी राहायची. नव्या मापात खाली ओढणारे पाचशे आणि माझ्याकडे तीनशे पंचेचाळीस. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले होते. साहेबांनी त्यांची बेरीज केली. त्यांची तुलना करायचं कुणालाच सुचलं नाही, कारण पेटी वर न्यायची होती. मध्येच सोडण्याबद्दल कुणी बोललंच नाही. साहेबांना दोघा भावांची ती पद्धत माहीतच नव्हती, आणि भावांना ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही. श्वास घेतो हे कुणी सांगतं का?

सुताराला बोलावलं नाही. वेल्डिंगवाल्याने यंत्राने मला एका मिनिटात कापलं. कापलेल्या तुकड्याला चार पाय ठोकून पहारेकऱ्याच्या खोलीपुढे बाकडं केलं. लोक त्यावर बसून शेंगा खातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पेटी माझ्यावर आली. दोघा भावांना फळी आखूड झालेली दिसत होतीच, ती उभी झालीय हेही दिसत होतं. धाकटा पुटपुटला, "दादा, जड जातंय." जोर एवढा लागत होता की थोरल्याच्या तोंडातून शब्द निघणंच कठीण होतं. अर्ध्यावर आले तेव्हा त्याचा श्वास रोजच्यापेक्षा जास्त फुलला होता. म्हणून त्याला रोजच्यापेक्षा जास्त थांबावंसं वाटलं. बाकी काही कारण नाही.

तो म्हणाला, "सोड."

धाकट्याने सोडलं. थोरला हात काढून डावीकडे सरकला, खांद्यावरच्या फडक्याला हात घातला. मी धरायचा प्रयत्न केला. खरंच केला. माझ्या अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं लावलं. पेटी थांबली नाही. धाकट्याच्या गुडघ्यांवर आदळली, त्याला मागे पाडलं, आणि त्याचा उजवा पाय माझ्या टोकाच्या कडेला सापडला. तो ओरडला नाही. त्याने फक्त "दादा" म्हटलं.

तिसऱ्या दिवशी धाकट्याची बायको गोदामात आली. शिवणकाम करणारी बाई, बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान अजून तसंच होतं. थोरला माझ्या शेजारीच उभा होता. सगळ्यांसमोर ती त्याला म्हणाली, "भाऊजी, डॉक्टर म्हणाले, गुडघा आता वाकणार नाही. हे तुमच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत, त्याचं हे फळ. तुम्ही आमच्या दारात येऊ नका. ह्यांना भेटायलाही येऊ नका."

थोरला म्हणाला, "बरं."

एवढंच. त्याने काही सांगितलं नाही. सांगायला त्याच्याकडे होतं तरी काय? त्याने स्वतःच सोड म्हटलं होतं. महिनाभर तो कामावर यायचा, कोपऱ्यात बसायचा, डबा न उघडता परत न्यायचा. मला त्याचाही राग यायचा. अरे, तोंड उघड ना. वीस वर्षं सोडत होतो आणि पेटी राहत होती, एवढं तरी सांग. पण त्याने स्वतःला दोषी ठरवून टाकलं होतं, आणि दोषी ठरलेला माणूस आठवणीसुद्धा स्वतःच्या विरुद्धच वापरतो.

चौकशीला वरच्या कचेरीतून एक अधिकारी आला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, दर वाक्याला घड्याळ बघणारा. अंगणातच टेबल मांडलं. साहेबांनी कागद पुढे केला. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे, त्याने भार चढवताना मध्येच हात सोडले, फळी आखूड करून काम उलट कमीच केलेलं होतं, सोबत गणित जोडलं आहे. थोरल्याला विचारलं, "सोड असं तुम्ही म्हणालात?"

"हो."

"का?"

"दम लागला."

धाकट्याची बायको त्याचा जबाब घेऊन आली होती. कागदावर दोनच ओळी होत्या. दादा सोड म्हणाला. मी सोडलं. तिने कागद टेबलावर ठेवला तेव्हा थोरल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. प्रकरण मिटलंच होतं. थोरल्याची नोकरी गेलीच होती.

तेवढ्यात काटेवाली बाई उठली. हातात तिचा ताणकाटा होता, म्हणजे आकड्याला वस्तू अडकवून वजन करायचा स्प्रिंगचा काटा. "साहेब, पाच मिनिटं थांबा," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "कागदावरची पेटी बघितलीत, आता खरी बघा."

साहेब म्हणाले, "बाई, गणित बरोबर आहे."

"गणित चूक आहे असं मी कुठे म्हटलं?"

तिने मला आधी ट्रकला लावलंच नाही. रिकाम्या खोक्यांची चवड लावली, फीत घेऊन तिची उंची बहात्तर सेंटिमीटर केली आणि माझे आकडे तिथे अडकवले. "चार मीटरला एकशे वीस, तर दोन मीटर चाळीसला बहात्तर," ती म्हणाली. "म्हणजे उतार आधी होता तेवढाच झाला. शाळेतलं त्रैराशिक आहे." मग दोन हमालांकडून तीच पेटी माझ्या मध्यावर आणवली. "सोडा."

त्यांनी सोडलं. पेटी राहिली. मी धरली होती. फार दिवसांनी मला माझ्या अंगावर भरवसा वाटला, हे कबूल करते.

धाकट्याची बायको पुढे आली. कुणी बोलावलं नव्हतं. "मी सोडून बघू?" तिने विचारलं. ती पेटीच्या मागे, बरोबर नवरा उभा राहायचा तिथे उभी राहिली, दोन्ही तळवे पेटीला लावले आणि काढले. पेटी हलली नाही. तिने परत लावले, परत काढले. चार-पाच वेळा तिने तसं केलं.

"आता बाजूला व्हा," काटेवाली बाई म्हणाली. मला ट्रकला अडकवलं, मूळ उंचीला. पेटी मध्यावर आणली, तिला वरून दोरी बांधली आणि दोरी ताणकाट्यात घेतली. मागे कुणाला उभं राहू दिलं नाही. हमालांनी हात काढले. पेटी खाली जाऊ लागली, दोरी ताणली गेली, काटा पंधरा आणि सोळा किलोच्या मध्ये थांबला.

"दीडशेच्या वर न्यूटन," ती म्हणाली. "एवढं कुणीतरी सतत धरून ठेवलं तर पेटी राहील. आधी कुणालाच धरावं लागत नव्हतं." तिने माझ्या पाठीवर, साहेबांच्या पुसट झालेल्या गणिताच्या खाली, खडूने तिसरं गणित मांडलं. मध्यापासून खालपर्यंत एक मीटर वीस. खाली ओढणाऱ्या पाचशेने केलेलं काम सहाशे ज्यूल. घर्षणाने अडवलं ते साधारण चारशे पंधरा. उरले एकशे पंच्याऐंशी. तिने चष्मा काढला आणि साहेबांकडे पाहिलं. "हे एकशे पंच्याऐंशी त्याच्या गुडघ्यात गेले. पेटी वर न्यायला किती काम ते तुम्ही काढलंत, साहेब. सोडली तर काय होईल ते काढलं नाहीत."

"पण सोडायची कशाला?" साहेबांचा आवाज चढला. "चढवताना मध्येच सोडायची ही काय पद्धत झाली?"

"वीस वर्षांची पद्धत आहे. तुम्ही विचारलं असतं तर कळली असती."

धाकट्याची बायको टेबलापाशी गेली. तिने नवऱ्याचा जबाब परत मागितला. अधिकारी म्हणाला, "नोंद झालीय, बाई."

"मग अजून एक ओळ लिहून घ्या," ती म्हणाली. "हे दोघं रोज असंच सोडत होते. पेटी कधी हलली नव्हती. खाली माझी सही घ्या."

जाताना ती थोरल्यासमोर थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, हे रोज विचारतात, दादा जेवला का. मी काय सांगू?" थोरल्याने तोंडावरून फडका फिरवला आणि तो तसाच तोंडावर धरून उभा राहिला.

आठ दिवसांनी सूचनांच्या फळ्यावर आदेश लागला. काटेवाली बाईने मोठ्याने वाचला. फळीचा उतार प्रमाणाबाहेर असल्याने अपघात घडला. कामगारावर कारवाई नाही. सदर फळी बाद करण्यात येत आहे. बघा आता. उतार प्रमाणाबाहेर होता, पण तो आपोआप झाला. कापली कुणी, ते नाही. साहेब आजही खिशात दोन पेनं लावून फिरतात, आणि बाद कोण झाली, तर मी. सगळ्यांनी हात झटकले आणि धूळ माझ्या अंगावर पडली. तेव्हापासून मी या कोपऱ्यात आहे. कप्पे सरकवले गेले. तेच आधी केलं असतं तर? जाऊ दे, माझं डोकं फिरतं.

माझ्या जागी चार मीटरची लोखंडी उतरण आली. माल घसरू नये म्हणून अंगावर खवले असलेली, ठणठणीत, आणि माझ्याकडे ढुंकून न बघणारी. मला ती आवडत नाही.

थोरला पुन्हा कामाला लागला. भावाच्या घरीही जाऊ लागला. पण एक गोष्ट त्याच्याकडून होईना. पेटी अर्ध्यावर आली की तो थांबत नसे. एका दमात वरपर्यंत न्यायचा. नवा जोडीदार धडधाकट होता, तोही वैतागायचा. "अहो, जरा दम तरी घेऊ द्या," म्हणायचा. थोरला ऐकायचा नाही. पन्नाशीचा माणूस, तीस पेट्या, एकदाही न थांबता. संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ काळेनिळे पडायचे आणि ट्रकच्या कडेला धरून तो उभा राहायचा. काटेवाली बाईने दोनदा सांगून पाहिलं, साहेबांनी सुद्धा सांगितलं. 'सोड' हा शब्द त्याच्या तोंडातून निघतच नव्हता. हा माणूस एक दिवस याच अंगणात पडणार, हे मला दिसत होतं. फळ्यावरच्या आदेशाने त्याची नोकरी सोडवली होती, बाकी काही सोडवलं नव्हतं.

तीन महिन्यांनी धाकटा कामावर आला. काठी टेकत. त्याला बसून पेट्यांवर शिक्के मारायचं काम दिलं होतं. चार दिवस त्याने शिक्के मारले आणि भावाकडे पाहिलं. पाचव्या दिवशी सकाळी तो उठला, लंगडत उतरणीपाशी आला, जोडीदाराच्या हातात काठी दिली आणि पेटीच्या मागे, उजव्या बाजूला, आपल्या जुन्या जागी उभा राहिला.

"तू कशाला?" थोरला म्हणाला.

"ढकल, दादा."

एक पाय ताठ, एका पायाचा जोर. पेटी इंच इंच वर गेली. जोडीदार मदतीला पुढे झाला, तेव्हा धाकट्याने त्याला मानेनेच नको म्हटलं. अर्ध्यावर आल्यावर तो थांबला. थोरल्याने पेटीला खांदा लावून धरली होती.

"आता म्हण," धाकटा म्हणाला.

"तू आधी बाजूला हो."

"मी कधी बाजूला झालोय? म्हण."

"मला नाही जमत रे."

"माझा पाय दुखतोय, दादा. लवकर म्हण."

काटेवाली बाई चष्मा हातात घेऊन उभी होती. मी कोपऱ्यात होते, माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि त्या लोखंडी बयेकडे मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी मागितलं. धर, म्हटलं तिला, बाई, धर.

थोरला इतक्या हळू म्हणाला की ते फक्त भावाला ऐकू आलं असेल. धाकट्याने दोन्ही हात काढले, कंबरेवर ठेवले आणि पाठ मागे वाकवली. मग थोरल्याने खांदा काढला.

पेटी राहिली. थोरल्याने श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. तो खाली बसला, तिथेच, उतरणीवर, भावाच्या ताठ पायाशेजारी, आणि मोठमोठ्याने रडला. धाकटा काहीतरी पुटपुटत त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. बराच वेळ 'धर' कुणीच म्हटलं नाही.

तर मित्रांनो, शेवटी उपदेश करायचा असतो, तो करते. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, तुम्ही ती घेणार नाही हे मला माहीत आहे. पण कुठलीही फळी कापण्याआधी तिच्यावर जे रोज उभे राहतात त्यांना विचारा की तुम्ही कुठे थांबता. मग गणित मांडा, हवं तर माझ्यासारख्या कुणाच्या तरी पाठीवर मांडा. आणि उत्तर बरोबर आहे याची फारच खात्री वाटली, तर पेटी अर्ध्यावर न्या, तिच्या मागे स्वतः उभे राहा, आणि हात सोडा.